वावर एकच, पण जमीन एक नाही



अलीकडे ‘काटेकोर शेती’ हा शब्द आपल्या कानांवर वारंवार येऊ लागला आहे. कोणी उपग्रहाच्या चित्राविषयी सांगतो, कोणी ड्रोनने फवारणी करण्याविषयी, तर कोणी जमिनीत पुरायच्या ओलावामापकाविषयी. ऐकणाऱ्याला वाटते, हे बड्या बागाईतदारांचे काम. पाच एकर कोरडवाहू कास्तकाराचा त्याच्याशी काय संबंध? मी भूगोलाचा अध्यापक आहे, यंत्रे विकणारा नाही. म्हणून यंत्रापासून सुरुवात न करता वावरापासूनच करू.

आपला वऱ्हाड नकाशावर पाहा. उत्तरेला मेळघाटचे डोंगर, मध्ये पूर्णा नदी. डोंगराच्या पायथ्याशी जमीन हलकी, मुरमाड. नदीकडे यावे तसतशी काळी आणि भारी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतला खारपाण पट्टा याच खोऱ्यातला. हा झाला मुलखामुलखातला फरक. पण असाच फरक एकाच वावरातही असतो. धुऱ्याजवळची पऱ्हाटी गुडघ्याएवढी, मधली छातीला लागते, आणि खोलगट भागातली पाणी साचून पिवळी पडते. हे मी तुम्हांला सांगायला नको. कापूस वेचणाऱ्या बायांना विचारा. कोणत्या तासात ओटी लवकर भरते, ते त्या डोळे झाकून सांगतील.

असे असूनही खत मात्र आपण साऱ्या वावरात सारखेच टाकतो. समजा, चार एकरांचे वावर आहे. एका एकरात ४ क्विंटल कापूस झाला, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ८ आणि चौथ्यात ६. सरासरी आली ७. पण नीट पाहा, ७ क्विंटल देणारा एकर त्या वावरात एकही नाही! सरासरी पाहून खत घातले तर ते कोठे कमी पडते, कोठे फुकट जाते. कर्ज मात्र पुरत्या पोत्यांचे फेडावे लागते. जेथे जे हवे, जेव्हा हवे आणि जेवढे हवे, तेवढेच तेथे देणे, याला काटेकोर शेती म्हणतात. यापलीकडे त्यात गूढ असे काही नाही.

आता यंत्रे येथे काय मदत करतात ते पाहू. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकोन. आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा! दर पाचेक दिवसांनी नवे चित्र मिळते आणि कोणत्या गुंठ्यात हिरवेपणा कमी आहे ते कळते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. श्रावण-भाद्रपदात आभाळ भरून आले म्हणजे उपग्रहाला ढगच दिसतात, पीक दिसत नाही. आणि दुसरे असे की, तो जागा दाखवतो, कारण सांगत नाही. पीक पिवळे का पडले? पाणी साचले, मुळे कुजली, की अन्नद्रव्य कमी पडले? त्यासाठी तुम्हांलाच त्या गुंठ्यात जाऊन झाड उपटून पाहावे लागेल.

मातीच्या तपासणीचेही असेच आहे. २०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली, तेव्हा ओलिताच्या जमिनीत अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहूत १० हेक्टरांमागे एक नमुना घ्यायचे ठरले. १० हेक्टर म्हणजे सुमारे २५ एकर. म्हणजे पाच-पाच एकरांच्या पाच कास्तकारांमिळून नमुना एक! सरकारला साऱ्या देशाची माती तपासायची होती. तुम्हांला आपल्या वावराची तपासायची आहे. तेव्हा हलका, भारी आणि खोलगट असे वावराचे भाग पाडा. प्रत्येक भागात आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डा करून माती घ्या, ती एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. धुऱ्याजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याच्या जागेची माती त्यात येऊ देऊ नका.

खारपाण पट्ट्यातल्या बंधूंनी तर हे अगत्याने करावे. तेथली जमीन पावसात चिकट, उन्हात दगड. वाफशाचे दिवस थोडे. चोपण जमीन जिप्समने सुधारते, पण किती जिप्सम टाकायचे ते मातीच्या तपासणीवरूनच ठरते, शेजाऱ्याकडे पाहून नव्हे. विहिरीचे वा बोअरचे पाणीही आधी तपासून घ्या. खाऱ्या पाण्याने एक पीक हाती लागेल, पण जमीन हातची जाईल. म्हणूनच त्या भागात शेततळ्यात अडवलेल्या पावसाच्या पाण्याला एवढे मोल आहे.

आता किडीची गोष्ट. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व मजूर दगावले. ते वर्ष आपण विसरता कामा नये. फवारणी शेजाऱ्याचा पंप ऐकून करायची नसते, मोजून करायची असते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग तीन दिवस सापडले, म्हणजे उपाय करण्याची वेळ आली असे समजा. त्याआधीची फवारणी टळली तर पैसा वाचतो, आणि फवारणाऱ्याचा जीवही जपला जातो. सोयाबीनवरच्या किडींनी २००८ साली हाहाकार केल्यावर राज्यात २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने कीड मोजून सल्ला देण्याचे काम सुरू झाले. त्याचे मूळ तत्त्वही हेच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांना गणिताच्या तासाला चौकटीच्या कागदावर घरच्या वावराचा नकाशा काढायला लावा. एक चौकट म्हणजे एक गुंठा. कोठे पाणी साचते, कोठे पीक खुजे राहते, ते बाबांना आणि आईला विचारून त्यांनी रंग भरावेत. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून पावसाची रोज नोंद करावी. मंडळाच्या हवामान केंद्रावर किती पाऊस झाला ते कळतेच, पण आपल्याकडे बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, हे कोणाला ठाऊक नाही? अशा नोंदी पाच वर्षे साठल्या, तर गावाजवळ स्वतःचे असे ज्ञान होईल.

ड्रोन भाड्याने मिळेल, ओलावामापक गटाने मिळून घेता येईल. पण आपले वावर कोठे कसे आहे, ही माहिती कोणी भाड्याने देत नाही. म्हणून या हंगामात एवढे करा: एक वही घ्या, वावराचे तीन भाग पाडा आणि प्रत्येक भागाचे बियाणे, खत, फवारणी व वेचणी वेगवेगळी लिहा. वर्षअखेर हिशेब जुळवा. पुढच्या साली कोठे पोते रिकामे करायचे आणि कोठे हात आखडायचा, ते तुमची वहीच तुम्हांला सांगेल.