फाटलेला पडदा आणि दोन दुर्बिणी

कानाच्या पडद्याला पडलेलें भोंक बुजविण्याची शस्त्रक्रिया ठरली कीं घरांतील मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “दुर्बिणीनेंच करणार ना ?” प्रश्न रास्त आहे, पण त्यांत एक घोटाळा आहे. आपल्याकडे दुर्बीण हा शब्द दोन अगदीं भिन्न यंत्रांना लावतात. एक सूक्ष्मदर्शक, म्हणजे मायक्रोस्कोप. तें रोग्याच्या कानापासून वीतभर दूर राहतें आणि सर्जन त्यांतून दोन्ही डोळ्यांनीं पाहतो. दुसरें यंत्र एंडोस्कोप. ही बोरूहूनहि बारीक, सरळ नळी खुद्द कानांत जाते, आणि तिच्या टोकापुढील दृश्य समोरच्या मॉनिटरवर उमटतें.

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं; तेव्हां श्रोत्यांनीं थोडी कल्पनेची मदत घ्यावी. कानाचा पडदा उंचीला सुमारें ९ ते १० मिलिमीटर, आणि जाडीला एका मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. बाहेरून त्याच्यापर्यंत जाणारी वाट सुमारें २५ मिलिमीटर लांब, अरुंद आणि किंचित् वळलेली. जुन्या वस्तींतील एखाद्या बोळासारखी. या बोळाच्या शेवटीं असलेलें दार दुरुस्त करावयाचें आहे. सूक्ष्मदर्शक वापरणारा सर्जन बोळाच्या तोंडाशीं प्रखर दिवा लावून उभा राहतो. भिंतीचा फुगवटा आड आला कीं दाराची पुढची कड त्याला दिसत नाहीं. एंडोस्कोप वापरणारा कंदील घेऊन बोळांतच शिरतो, आणि त्याला दाराच्या चारही कडा एकदम दिसतात. मात्र कंदील धरण्यांत त्याचा एक हात गुंतून पडतो.

सूक्ष्मदर्शक कानाच्या शस्त्रक्रियेंत प्रथम आणला तो स्टॉकहोम येथील कार्ल ओलोफ नीलेन यांनीं, १९२१ सालीं. तें यंत्र एका डोळ्याचें होतें; पुढच्याच वर्षीं गुन्नार होल्मग्रेन यांनीं दोन डोळ्यांचें वापरलें. १९५० नंतर जर्मनींत वुलश्टाइन व त्सोल्नर यांनीं पडदा आणि मधला कान यांच्या दुरुस्तीला शास्त्रशुद्ध स्वरूप दिलें, तें याच यंत्राच्या बळावर. एंडोस्कोपची कथा पुढची. ब्रिटिश पदार्थविज्ञानी हॅरल्ड हॉपकिन्स यांनीं नळींतील लहान भिंगांच्या जागीं कांचेच्या लांब कांड्या योजिल्या. त्यामुळें बारीक नळींतूनहि लख्ख चित्र येऊं लागलें. नाकाच्या शस्त्रक्रियेंत ही नळी रुळली, आणि १९९० नंतरच्या दशकांत कांहीं सर्जन तिच्या साह्यानें पडद्याचीहि दुरुस्ती करूं लागले.

आतां रोग्याच्या दृष्टीनें पाहूं. पडद्याला लावावयाचें ठिगळ बहुधा रोग्याच्याच शरीरांतून घेतात : कानावरील स्नायूचें पातळ आवरण, किंवा कानाच्या तोंडाशीं असलेल्या मऊ कूर्चेचा तुकडा. भोंकाच्या कडा खरवडून ताज्या करतात, ठिगळ आंतल्या बाजूनें सारून टेकवितात, आणि त्याच्या आधारानें पडदा पुनः भरून येतो. हें ठिगळ फसतें तें पुष्कळदां पुढच्या कडेला. आणि नेमकी तीच कड सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीआड जाते. ती दिसावी म्हणून कधीं कानामागें छेद घेऊन कान पुढें वळवावा लागतो, कधीं वाटेंतील हाड घासून वाट रुंद करावी लागते. एंडोस्कोपनें हा खटाटोप बराच टळतो. दुखणेंहि कमी. ‘बिनछेदाची शस्त्रक्रिया’ ही जाहिरात मात्र खरी मानूं नये; ठिगळ कोठून तरी कापून आणावेंच लागतें.

उलट बाजूहि ऐका. सूक्ष्मदर्शकाखालीं एका हातांत रक्त शोषणारी नळी व दुसऱ्यांत अवजार धरतां येतें. एंडोस्कोप धरला कीं अवजारासाठीं एकच हात उरतो. एवढ्याशा जागेंत रक्ताचा एक थेंब म्हणजे तळेंच. नळीचें टोक धूसर झालें कीं बाहेर काढा, पुसा, पुनः घाला. शिवाय चित्र सपाट दिसतें, खोलीचा अंदाज सरावानेंच यावा लागतो; आणि दिव्याची उष्णता आंतील नाजूक भागांना बाधूं नये म्हणून प्रकाश बेताचा ठेवावा लागतो. कानामागच्या हाडांत रोग पसरला असेल, तर तेथें मी सूक्ष्मदर्शकाचाच आग्रह धरीन.

मग पडदा कशानें अधिक जुळतो ? अनेक ठिकाणच्या रोग्यांचे निकाल एकत्र करून पाहतां, पडदा जुळण्याचें प्रमाण आणि श्रवणांतील सुधारणा दोहोंत जवळजवळ सारखी आढळते. फरक पडतो तो छेद, वेदना आणि वेळ यांत. म्हणून यंत्राचें नांव विचारून थांबूं नका. कान किती दिवस कोरडा आहे, भोंक कोठें व केवढें आहे, नाकाच्या मागून कानाकडे जाणारी हवेची नळी मोकळी आहे कीं नाहीं, आणि सर्जनाचा हात कोणत्या यंत्रावर बसलेला आहे, हें विचारा. शेवटचा प्रश्न विचारावयास संकोच वाटतो खरा. पण कान आपला आहे.

शस्त्रक्रिया होईपर्यंत अशा कानांत कोंबट तेल घालण्याची घरगुती चाल अगदीं बंद ठेवावी; तें भोंकांतून थेट मधल्या कानांत उतरतें. नंतर कांहीं आठवडे स्नानाच्या वेळीं व्हॅसलिन लावलेला कापूस कानांत असावा, नाक जोरानें शिंकरूं नये, आणि शिंक आली तर तोंड उघडें ठेवावें. ऐकूं येणें लगेच सुधारलें नाहीं म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. आंत आधाराला ठेवलेला स्पंज विरघळून पडदा स्थिरावेपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि श्रवणाची तपासणी त्यानंतरच करावयाची असते.