आठ वाजताचं औषध



मी भिलाईहून आले आहे. छत्तीसगडमधलं भिलाई, पोलाद कारखान्याचं गाव. माझे सासरे अमरावतीकडून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. नवराही कारखान्यातच. घरात मराठी, दारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. आमच्या दिवसाचे तीन तुकडे असतात: सकाळी सहाची ए शिफ्ट, दुपारी दोनची बी, रात्री दहाची सी. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या गोष्टीत या शिफ्टचा मोठा वाटा आहे.

लेक चौदा महिन्यांची असताना तापात तिला आकडी आली होती. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाबरोबर अशी आकडी बऱ्याच मुलांना येते, रोजचं औषध लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही विसरूनही गेलो. मग ती पहिलीत असताना एका सकाळी, ताप नाही, काही नाही, वेणी घालता घालता ती माझ्या हातातून घसरली. डोळे वर, अंग ताठ, मग झटके. शेजारच्या काकू हुंगवायला चप्पल घेऊन धावल्या. सासूबाईंनी कांदा फोडला. आणि मी, बीएस्सी झालेली बाई, तिच्या दातांत स्टीलचा चमचा घातला. पुढचा दात अर्धा तुटला. दुधाचा होता, तेवढंच.

तेव्हा करायचं काय असतं? फारच थोडं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांच्या आत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल. आमच्याकडे आता नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो. किती आणि कधी मारायचा, ते डॉक्टरांनी लिहून दिलंय.

महिन्याभरात पुन्हा दोनदा आकडी आली. ईईजी झाला, एमआरआय झाला, आणि सोडियम व्हॅलप्रोएटचं सिरप सुरू झालं, सकाळी आठ आणि रात्री आठ. हे औषध वजनावर ठरतं. घरातला चहाचा चमचा कधी चार मिलीचा निघतो, कधी सहाचा, म्हणून मोजायला सिरिंजच हवी. मूल वाढलं की डोसही पुन्हा बघावा लागतो.

आठ महिने काही झालं नाही. आणि माणसाचं मन कसं असतं बघा. आकडी येत नव्हती ती औषधामुळे, पण मला वाटायला लागलं की आता औषधाची गरज नाही. तिचं वजन वाढलं होतं, केस गळत होते. नात्यातल्या एकांनी सांगितलं, ही औषधं पोरीला मंद करतील. त्यांनीच एक टॉनिक सुचवलं. बाटलीवर मेंदूचं चित्र, आत म्हणे सगळी जीवनसत्त्वं. मी कुणालाही न विचारता रात्रीचा डोस बंद केला आणि त्या वेळेला टॉनिक सुरू केलं. वर शिफ्टचा घोळ. नवऱ्याची ए शिफ्ट असली की सकाळचं औषध माझ्याकडे, बी असली की त्याच्याकडे. दोन दिवस असे गेले की त्याला वाटलं मी दिलं, मला वाटलं त्याने दिलं.

अकराव्या दिवशी आकडी आली ती थांबेचना. तेव्हा घरात स्प्रे नव्हता. स्कूटरवर मधे तिला धरून हॉस्पिटल गाठेपर्यंत बावीस मिनिटं झाली होती. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर थांबली. त्यानंतर दोन दिवस ती मला 'आई' म्हणाली नाही, नुसती बघत राहायची. ते दोन दिवस मी अजून कुणाला नीट सांगू शकत नाही, इथेही नाही सांगणार.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी टॉनिकची बाटली मागितली, लेबल वाचलं आणि म्हणाले, यात वाईट काही नाही, फक्त हे आकडीचं औषध नाही. मी विचारलं, मग जीवनसत्त्वाने आकडी थांबतच नाही का? तर म्हणाले, थांबते. पण कुणाची, ते समजून घ्या.

तान्ह्या बाळांची थांबते. आईच्या अंगातच ड जीवनसत्त्व कमी असेल, तर बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि आकडी येते. आपल्या देशात हे बरंच दिसतं, भरपूर ऊन असूनही. तिथे कॅल्शियम आणि ड हाच उपाय. म्हणून तर बाळाला वर्षभर रोज 400 युनिट ड द्यायला सांगतात. दुसरं ब6. 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या काही बाळांना आकड्या येऊ लागल्या. दूध तयार करताना दिलेल्या उष्णतेने त्यातलं ब6 नष्ट झालं होतं. ते दिल्यावर आकड्या थांबल्या. आणि 1954 मध्ये एका वेगळ्याच आजाराची नोंद झाली: जन्मल्यापासून आकड्या, कुठल्याच औषधाला दाद नाही, पण ब6 दिलं की थांबतात. ते मग जन्मभर घ्यावं लागतं. त्यामागचा जनुक सापडला 2006 मध्ये. आजार दुर्मीळ आहे, पण तान्ह्या बाळाच्या आकड्या आटोक्यात येत नसतील तर डॉक्टर ब6 देऊन बघतात, ते यासाठी.

माझी लेक यातल्या कुठल्याच गटात नव्हती. तिला जीवनसत्त्व लागलं ते वेगळ्या कारणाने. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधं यकृताला ड जीवनसत्त्व भराभर मोडायला लावतात, हाडं कमजोर होतात. व्हॅलप्रोएटवरही लक्ष ठेवावं लागतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांनी भाजणाऱ्या गावात माझ्या मुलीचं ड कमी निघालं! रक्त तपासून डोस ठरला, आणि तो आकडीच्या औषधाबरोबर, त्याच्याऐवजी नाही. हे 'ऐवजी' मला बावीस मिनिटांना पडलं.

बारा वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं. व्हॅलप्रोएट पुढे गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून मुलींच्या बाबतीत आधीच विचार करतात. नव्या लेव्हेटिरासिटामने आकडी आली नाही, पण पोरगी भयंकर चिडकी झाली. दारं आपटायची. त्यासाठी काही मुलांना ब6 देतात. पुरावा अजून तोकडा आहे, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं, थोडक्या दिवसांसाठी लहान डोस दिला आणि बजावलं की मनाने वाढवू नका, जास्त ब6 फार काळ घेतलं तर हातपाय बधिर होतात. चिडचिड कमी झाली. ब6मुळे की शाळा बदलल्यामुळे, देव जाणे.

सासूबाईंना काळजी लग्नाची. बाहेर बोलू नका, म्हणायच्या. त्यामुळे वर्षभर शाळेतही सांगितलं नव्हतं, म्हणजे वर्गात आकडी आली असती तर बाईंनीही चमचाच शोधला असता. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण कायद्यातून 1999 मध्येच काढून टाकलंय, हे मी त्यांना कागद दाखवून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याबरोबर आल्या.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद असतो. दोन रकाने, सकाळ आणि रात्र. जो देईल त्याने खूण करायची. शेवटच्या आकडीला अडीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा डोस कमी केला, अगदी थोडा. असं करत करत बरेच महिने लागतील. त्यांनी 'कमी करू या' म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता. मी रात्रभर तिच्या खोलीबाहेर बसून होते.

या आठवड्यात नवऱ्याची सी शिफ्ट आहे, म्हणजे रात्री आठला तो घरी असतो. खूण केली की कागदाचा फोटो पाठवायचा, असं ठरलंय. आत्ता आठला वीस मिनिटं आहेत. मी फोन हातात घेऊन बसले तर रागावू नका.