सौम्य आजार, दीर्घ स्मृती

सौम्य विषाणुसंसर्गातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने घटतात. २०२० साली कोविडच्या रुग्णांत ही घट दिसली आणि प्रतिकारशक्ती तीन-चार महिन्यांत संपते, असा बोलबाला झाला. निरीक्षण खरे होते. त्याचा अर्थ घाईने लावला गेला होता.

प्रतिपिंडे बनवण्याचे काम प्लाझ्मा पेशी करतात. संसर्ग भरात असताना त्या मोठ्या संख्येने तयार होतात, सुगीला आलेल्या रोजंदारीच्या मजुरांप्रमाणे काम उरकतात आणि बहुतेक लवकरच मरतात. रक्तातली पातळी आधी कोसळते ती त्यामुळे. दरम्यान लसीकाग्रंथींमध्ये विषाणूला अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची निवड चालू असते. त्यांतल्या काही अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात. तिथे त्या विभाजित न होता वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे स्रवत राहतात.

अशी प्रतिकारशक्ती किती टिकू शकते, याचा पुरावा पेशींचे ज्ञान होण्याच्या कितीतरी आधी मिळाला होता. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० जण आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे दिसले, की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध या वेळी सुटले होते. मधल्या ६५ वर्षांत गोवर त्या बेटांकडे फिरकलाही नव्हता.

पण गोवर अंगभर पसरणारा आजार. दोन दिवसांचा ताप आणि घसादुखी एवढ्यावर भागले, तर अस्थिमज्जेत काही उरते का? अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अली एलेबेडी यांच्या गटाने नेमके हेच तपासले. कोविडमधून बऱ्या झालेल्या ७७ जणांच्या रक्ताचा पाठपुरावा झाला. बहुतेकांचा आजार सौम्य होता. त्यांतल्या काहींनी अस्थिमज्जाही दिली. कंबरेच्या हाडात सुई घालून ती काढावी लागते. निव्वळ संशोधनासाठी हा त्रास सोसणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. प्रयोगशाळेत विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा थर दिलेल्या पट्टीवर मज्जेतल्या पेशी ठेवल्या, की योग्य प्रतिपिंड स्रवणारी प्रत्येक पेशी आपल्या जागी एक ठिपका उमटवते. संसर्गानंतर सात-आठ महिन्यांनी घेतलेल्या १९ नमुन्यांपैकी १५ मध्ये असे ठिपके मिळाले. कोविड न झालेल्या ११ जणांत ते नव्हते. पाच जणांनी सुमारे चार महिन्यांनी पुन्हा नमुना दिला, तेव्हाही त्या पेशी जागेवर होत्या आणि विश्रांत अवस्थेत होत्या. म्हणजे त्या चालू संसर्गाच्या नव्हत्या. रक्तातली घटही पहिल्या चार महिन्यांनंतर मंदावली होती. हे काम मे २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

चार नमुन्यांत त्या पेशी सापडल्या नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. सौम्य आजाराने प्रत्येकाला सारखेच संरक्षण मिळते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

शिवाय पेशी टिकणे आणि पुन्हा संसर्ग न होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. श्वसनविषाणू नाक-घशाच्या अस्तरावर उतरतो आणि तिथले संरक्षण लवकर ओसरते. सर्दी देणारे जुने कोरोनाविषाणू त्याच माणसाला पुन्हा पुन्हा गाठतात ते म्हणूनच. त्यात विषाणूही बदलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून जाहीर झालेल्या ओमिक्रॉन या कोविडविषाणूच्या प्रकाराच्या काटेरी प्रथिनात तीसहून अधिक बदल होते, आणि आधीच्या प्रतिपिंडांना तो बऱ्याच अंशी चुकवू शकला. टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशी मात्र विषाणूचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात, म्हणून त्यांची ओळख फारशी बिघडली नाही. २००३ च्या सार्समधून वाचलेल्यांत अशा टी पेशी १७ वर्षांनंतरही आढळल्या आहेत.

म्हणून प्रतिपिंडांच्या अहवालातला एकच आकडा पाहून रुग्णाला ‘प्रतिकारशक्ती संपली’ असे सांगणे डॉक्टरांनी कटाक्षाने टाळले पाहिजे. विषाणूची ओळख जपत रक्तात फिरणाऱ्या बी स्मृतिपेशी त्या आकड्यात दिसतच नाहीत. संसर्ग होऊन गेलेल्यांना लसीची पहिलीच मात्रा दिल्यावर प्रतिपिंडे काही दिवसांत उसळी घेतात, ती या पेशींमुळे.