भाषण ऐकावे कसे?



आज आपणांपुढे मी भाषणाविषयीच चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. विषय काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु निवडणूक जवळ आली की अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला अशा गावोगावी सभांचे मंडप उभे राहतात, हे आपण पाहतोच. वक्ता येतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घालतो, 'जय भीम' म्हणतो आणि आपले अर्धे मन तेथेच जिंकून घेतो. उरलेले अर्धे मन आपण कशाच्या आधारावर द्यावयाचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

वऱ्हाडातील माणसाला ही गोष्ट कापसावरून चटकन समजेल. बाजारात कापसाची गाडी आली म्हणजे खरेदीदार नुसता वरचा ढीग पाहून भाव सांगत नाही. तो आत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून पाहतो. ओल किती, कवडी किती, हे तपासतो. पुढे जिनिंगमध्ये त्या कापसातून रुई निघते ती सुमारे एक तृतीयांश. बाकीची बहुतेक सरकी. भाषणाचेही तसेच आहे. त्यातील मुद्दा आणि पुरावा ही रुई. बोलण्याचे अलंकार ही सरकी. सरकी टाकाऊ नसते. तिचे तेल निघते, ढेप गुरांना होते. परंतु सरकी देऊन कोणी रुईचा भाव मागू लागला, तर ती लबाडी होय.

आपल्या कानाला ही किंमत केव्हा आली, हेही ध्यानात घ्या. १९२७ च्या नोव्हेंबरात, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटलेला असता, अमरावतीस परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्या काळी मताचा हक्क मालमत्तेवर आणि साऱ्यावर अवलंबून होता. त्यामुळे समोर बसलेल्या बहुसंख्य लोकांना मतच नव्हते, आणि मतासाठी त्यांची खुशामत करण्याचे कोणास कारण नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि १९५१-५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मताला मोल आले, आणि मोल आले म्हणून गोड बोलणारेही आले. या मताचे सामर्थ्य आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. गवई लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा या दोन्ही जागा राखीव नव्हत्या. असे मत केवळ टाळीच्या भरात देऊन टाकण्यासारखे नाही.

आता वक्त्यांची साधने एकेक करून पाहू.

पहिले साधन प्रश्न. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आपल्या कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्नांमागून प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण का करावा, देवापुढे बकरे का कापावे, मुलाला शाळेत का घालू नये, असे ते प्रश्न असत. उत्तर श्रोत्याच्या तोंडूनच निघे आणि ते त्याच्या स्वतःच्या अनुभवातून निघे. हा प्रामाणिक प्रश्न झाला. परंतु "आमच्यावाचून तुमचा कोणी वाली आहे काय?" असे कोणी विचारले, तर तो प्रश्नच नव्हे. उत्तर त्याने आधीच ठरविलेले असते. आपण केवळ मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. प्रश्न ऐकताच मनात म्हणावे की, याचे दुसरे उत्तर देण्याची मला मोकळीक आहे काय?

दुसरे साधन पुनरुक्ती. ३१ मे १९३६ रोजी मुंबईतील महार परिषदेत बाबासाहेबांनी केलेले 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण आपणांपैकी अनेकांच्या घरी असेल. त्यात धर्मांतराचे आवाहन एकामागून एक वाक्यांत येते. परंतु प्रत्येक वेळी त्याच्या आधी नवे कारण उभे आहे: माणुसकी, संघटना, सामर्थ्य, समता, स्वातंत्र्य, सुखाचा संसार. आणि त्याही आधी सामाजिक व धार्मिक, ऐहिक व आध्यात्मिक अशा सर्व बाजूंनी केलेले सविस्तर विवेचन आहे. आधी विवेचन, मग पुनरुक्ती, असा तो क्रम आहे. ज्या भाषणात घोषणा दहा वेळा येते आणि कारण एकदाही येत नाही, तेथे आपणांस पटविले जात नसून केवळ पाठ करविले जात आहे, असे समजावे.

तिसरे साधन विरोध. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले की, आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत. राजकारणात समता राहील, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. दोन परस्परविरुद्ध गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे वाक्यास धार येते. परंतु हे वाक्य धारेमुळे खरे ठरले नाही. ते आजही गावात जाऊन पडताळता येते. मतदान केंद्रावर सर्वांचे मत सारखे मोजले जाते. शेत, विहीर, नोकरी आणि कर्ज यांच्या वाट्यात ते सारखेपण दिसते काय, हे ज्याचे त्याने पाहावे. उलट "एकीकडे आम्ही, दुसरीकडे तुमचे शत्रू" असे म्हणणारा वक्ता आपणांस पडताळण्याजोगे काहीच देत नाही.

चौथे साधन भय. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस याचा अनुभव अधिक येतो. "बौद्ध झालात तर मुलांच्या सवलती जातील," असे कोणी मंचावरून, कोणी पारावरून सांगतो. या भयात एका जुन्या सत्याचा अंश आहे. १९५६ नंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती धर्मांतरित बौद्धांस खरोखरच मिळत नव्हत्या. परंतु १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू व शीख यांच्या जोडीस बौद्धांचाही समावेश झाला. म्हणजे जे एके काळी खरे होते, ते आज खरे म्हणून सांगितले जात आहे. अशा वेळी घाबरू नका आणि रागावूही नका. "कोणत्या कायद्यान्वये? कोणत्या वर्षी?" एवढे दोनच प्रश्न शांतपणे विचारा.

पाचवे साधन सर्वांत अवघड, कारण ते आपल्या काळजाला हात घालते. ते म्हणजे बाबासाहेबांचे नाव. आज सर्व पक्षांचे वक्ते ते घेतात. त्याचा आपणांस आनंद व्हावा. परंतु नाव हा पुरावा नव्हे. १९४९ च्या त्याच भाषणात स्वतः बाबासाहेबांनी सांगितले आहे की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ज्याने स्वतःविषयीच्या भक्तीसही थारा दिला नाही, त्याच्या नावावर आंधळी भक्ती मागणाऱ्यास आपण काय उत्तर द्यावे?

हा विवेक आपल्या धम्मातच आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांस विचारले की, येणारा प्रत्येक आचार्य आपलेच मत खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः जाणून घ्या आणि मगच स्वीकारा.

म्हणून माझी एक विनंती आहे. सभेहून परतल्यावर घरात वा विहारात पाऊण तास बसा. वाचता येणाऱ्या मुलीच्या हाती वही द्या आणि चार गोष्टी लिहून घ्या: वक्त्याने काय सांगितले? पुरावा कोणता दिला? वचन कोणते, केव्हापर्यंतचे आणि कोणत्या पैशातून? मागील वचनाचे काय झाले? भाषण कितीही रंगले असो, वहीत एकच ओळ उतरली, तर तेवढीच रुई निघाली असे समजा. ती वही जपून ठेवा. पुढल्या निवडणुकीत ती उपयोगी पडेल.

आणि १४ एप्रिलला आपली मुले भाषणास उभी राहतात, तेव्हा त्यांना केवळ आवाज चढविण्यास शिकवू नका. एक मुद्दा, एक पुरावा आणि एक स्वतः पाहिलेली गोष्ट, एवढे तरी त्यांच्याजवळ असू द्या.

'मुक्ती कोन पथे?' या भाषणाच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्वतःचा शब्द शेवटचा ठेवला नाही. तथागतांनी आनंदास केलेला उपदेश त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला: स्वयंप्रकाशित व्हा, दुसऱ्यावर विसंबू नका. हजारो लोक ज्यांच्या एका शब्दासाठी थांबले होते, त्यांनी त्या लोकांना त्यांच्याच बुद्धीच्या स्वाधीन केले. आज मी जे बोललो तेही आपण त्याच कसोटीस लावावे, आणि टिकेल तेवढेच घ्यावे.

जय भीम.