आधीचा चेहरा

एखाद्या घरातली सासू जरा कडक स्वभावाची निघाली, की आपल्याकडे अजूनही म्हणतात, "सासू कसली, ललिता पवार आहे नुसती!" म्हणणाऱ्या सुनेने ललिताबाईंचा एकही चित्रपट धड पाहिलेला नसेल कदाचित, पण नाव उच्चारलं तरी काम भागतं. एक डोळा बारीक झालेला, ओठ मुडपलेले, पदर कमरेला खोचलेला आणि समोर थरथरणारी सून, असं सगळं चित्र त्या एका नावात सामावलेलं आहे. 1987 साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि त्यातली मंथरा म्हणजेही त्याच. ज्यांनी त्यांची सासू पाहिली नव्हती त्यांनी मंथरा पाहिली, आणि शिक्का आणखी घट्ट बसला.

श्रोतेहो, याच ललिताबाई एके काळी नायिका होत्या, आणि त्याही मारधाडीच्या, साहसी चित्रपटांतल्या नायिका, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही. 1916 साली येवल्यात जन्मलेली ही अंबा सगुण नावाची मुलगी. मूकपटांच्या जमान्यात, अगदी लहान वयात ती कॅमेऱ्यासमोर आली. तिसाच्या दशकात ती पडद्यावर गाणारी, धाडस करणारी तरुण नायिका होती. 1932 सालच्या 'कैलास' या मूकपटात तिने काम तर केलंच, त्याच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. पुढे टॉल्स्टॉयच्या 'रेझरेक्शन' या कादंबरीवर बेतलेला 'दुनिया क्या है' हा चित्रपट तिने स्वतः निर्माण केला आणि त्यात नायिकेची भूमिका केली. ज्या काळात घरंदाज मुलीने सिनेमाचं नाव काढणंही पाप होतं, त्या काळात टॉल्स्टॉय पडद्यावर आणू पाहणारी ही बाई. मराठीतही 1941 साली मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये त्या होत्या. कथा वि. स. खांडेकरांची.

मग हा चेहरा आपल्या आठवणीतून गेला कुठे? एक उत्तर साधं आहे. तो चेहरा ज्या फिल्मवर होता, ती फिल्मच उरली नाही. आपल्याकडे मूकपटांच्या जमान्यात हजाराच्या वर चित्रपट निघाले आणि त्यांतले अक्षरशः मूठभर आज शिल्लक आहेत. नायट्रेटची ती फिल्म पेट घ्यायची, विरघळायची. चित्रपट उतरला की तिला कुणी विचारत नसे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते 1964 साली, तोवर बराच उशीर झाला होता. आणि जे जमवलं होतं त्यातलंही कितीतरी 2003 सालच्या आगीत गेलं. तेव्हा ललिताबाईंची नायिका आपण विसरलो, असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी पाहिलीच नाही.

दुसरं उत्तर जास्त क्लेशकारक आहे. 1942 साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. प्रसंग असा, की मास्टर भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची. थप्पड जरुरीपेक्षा जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याच्या शिरेला इजा झाली. बराच काळ उपचार चालले. चेहरा पुष्कळसा सावरला. डोळा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हा त्यांचं वय होतं 26. नायिकेचा चेहरा म्हणजे निर्मात्याचं भांडवल. त्यालाच तडा गेला म्हटल्यावर नायिकेचे दरवाजे मिटले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही हकिकत आपल्याकडे नेहमी "एका थपडेने नायिकेची खलनायिका केली" अशी चटकदार करून सांगितली जाते. मला ती तशी पुरेशी वाटत नाही. थपडेने डोळा बारीक केला. पण त्या डोळ्याचं काय करायचं हे ललिताबाईंनी ठरवलं. 1944 साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदार रामशास्त्री, आणि ललिताबाई आनंदीबाई. 'ध' चा 'मा' करणारी म्हणून जिला आपण शाळेपासून ओळखतो, ती आनंदीबाई. हा त्यांच्या आयुष्यातला सांधा आहे. इथे ती देखणी, तरुण, महत्त्वाकांक्षी स्त्री आहे. सासू अजून झालेली नाही, पण नजरेत ते सगळं आलेलं आहे. ज्या डोळ्याला लोक व्यंग म्हणत होते, त्याचं त्यांनी हत्यार केलं.

मग व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला, 1950 साली. जयश्रीबाई सून आणि ललिताबाई सासू. दोघींच्या प्रत्यक्ष वयात फार अंतर नव्हतं. ललिताबाई होत्या 34 वर्षांच्या! त्यानंतरच्या सगळ्या सासवा, आत्या, मावश्या, गृहपाल बायका या चौतिशीच्या पायावर उभ्या राहिल्या. पण त्या सगळ्या एकसारख्या होत्या का? 'श्री 420' (1955) मधली केळी विकणारी बाई आठवा. ती तोंडाने फटकळ आणि मनाने आई आहे. 'अनाडी' (1959) मधली मिसेस डिसा आठवा. भाडेकरूला शिव्या घालत त्याच्या पोटाची काळजी करणारी ती ख्रिश्चन म्हातारी. त्या भूमिकेला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. आणि जमलं तर 1962 सालचा 'प्रोफेसर' पुन्हा पाहा. त्यात त्या भाचरांवर करडा पहारा ठेवणारी कडक पालक आहेत. शम्मी कपूर म्हाताऱ्या प्रोफेसरच्या वेशात शिकवायला येतो आणि ही करारी बाई चक्क त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. आरशासमोर उभी राहून नटू लागते, लाजते. थिएटरात लोक हसत. हसण्यासारखं आहेही. पण त्या लाजण्यात जो सराईतपणा आहे, मान किती वळवायची, पापणी कधी खाली टाकायची, तो सासवांच्या भूमिका करून येत नाही. तो तीस वर्षांपूर्वीच्या नायिकेचा आहे. लोक ज्या बाईला हसत होते, तिने हे सगळं एकदा खरोखर केलेलं होतं.

ललिताबाईंच्या बाबतीत निदान अपघात तरी झाला होता. लीला चिटणीसांच्या बाबतीत तोही नाही.

लीलाबाई मूळच्या धारवाडच्या, पदवीधर. नाट्यमन्वंतरच्या रंगभूमीवरून त्या सिनेमात आल्या, तेव्हा 'महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरातली पदवीधर नायिका' अशी त्यांची जाहिरात झाली होती. पदरात मुलं होती, संसार मोडला होता, आणि पोटासाठी काम करणं भाग होतं. 1939 साली बॉम्बे टॉकीजचा 'कंगन' आला. पाठोपाठ 1940 मध्ये 'बंधन', 1941 मध्ये 'झूला'. तिन्हींचे नायक अशोककुमार. ही जोडी अशी गाजली, की देविकाराणीनंतर कोण, या प्रश्नाचं उत्तर लोकांनी लीलाबाईंकडे पाहून दिलं. 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. हा मान मिळवणारी पहिली भारतीय चित्रपट अभिनेत्री त्याच.

आणि 'झूला'नंतर सातच वर्षांनी, 1948 सालच्या 'शहीद'मध्ये, त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या.

1951 सालचा 'आवारा' पाहताना हे स्थित्यंतर एकाच चित्रपटात पाहायला मिळतं. सुरुवातीला त्या न्यायाधीश रघुनाथची नवपरिणित पत्नी आहेत. होडीत नवऱ्याजवळ बसलेली, सुखात असलेली तरुण बायको. अर्ध्या तासात त्या झोपडीतली खंगलेली आई होतात, राज कपूरची आई. पुढे सगळं आयुष्य पडद्यावर त्या खोकत राहिल्या, शिवणयंत्र चालवत राहिल्या, मुलाची वाट पाहत राहिल्या. 'हम दोनों'मध्ये देव आनंदची आई, 'गंगा जमुना'मध्ये दिलीपकुमारची पुन्हा आई, 'गाईड'मध्ये पुन्हा देव आनंदची.

आता त्यांच्या नायकाचं काय झालं, तेही पाहू. अशोककुमारांचा जन्म 1911 चा, म्हणजे लीलाबाईंच्याच पिढीचे. लीलाबाई आई झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, ते 'महल'चे नायक होते. समोर मधुबाला, वय वर्षं 16. त्यानंतर नऊ वर्षांनी 'हावडा ब्रिज' आला. तेव्हाही नायक अशोककुमार आणि नायिका मधुबाला. दादामुनी थोर नट होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तिन्ही चित्रपटांच्या पोस्टरवर ज्या दोघांचे चेहरे शेजारी शेजारी छापले होते, त्यांतला एक चेहरा दहा वर्षांनीही नायक राहिला आणि दुसरा आई झाला. हे कुणी एका माणसाने ठरवलेलं नव्हतं. निर्माते म्हणत, प्रेक्षकांना हेच हवं. आणि प्रेक्षक म्हणजे आपणच, आपले आईवडील, आजीआजोबा.

लीलाबाईंनी यावर कांगावा केला नाही. 1981 साली त्यांचं 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र आलं. जुन्या ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा. शेवटी त्या मुलांकडे अमेरिकेत होत्या. 2003 साली कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथे त्यांचं निधन झालं.

पुरुषांच्या बाबतीत पहिला चेहरा पुसला जात नाही असं नाही, पण तिथली तऱ्हा निराळी असते. 'खानदान' (1942) मध्ये प्राण नूरजहाँचे नायक होते. झाडाभोवती फिरून गाणी म्हणणं आपल्याला जमत नाही म्हणून ते खलनायकीकडे वळले, आणि 'उपकार' (1967) मध्ये मनोजकुमारांनी त्यांना मलंगचाचा केलं तेव्हा पुन्हा चांगल्या माणसांत आले. त्यांना निवडीला वाव होता. आपल्या निळू फुल्यांचंही तसंच. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातला हा कार्यकर्ता, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यातून लोकांना पोट धरून हसवणारा. 1968 साली 'एक गाव बारा भानगडी' आला आणि पुढे गावोगावच्या बायका त्यांना पाहून पदर सावरू लागल्या. जो माणूस आयुष्यभर समाजकार्याच्या निधीसाठी गावोगाव हिंडला, त्याच्याच वाट्याला हे आलं. तरी 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस करायला त्यांनाच बोलावलं गेलं. आणि सदाशिव अमरापूरकर? 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी किंवा 'सडक'मधली महाराणी आठवून ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांना हे सांगा, की 1979 सालच्या '22 जून 1897' या मराठी चित्रपटात हेच अमरापूरकर लोकमान्य टिळक झाले होते. रामा शेट्टीचा तो थंड, खालच्या पट्टीतला अधिकार कुठून आला असेल, याचा विचार करून पाहा.

राहिले मास्टर भगवान, ज्यांचा हात ललिताबाईंवर पडला होता ते. भगवान आबाजी पालव. त्यांची सुरुवात कमी पैशांतल्या मारामारीच्या चित्रपटांनी झाली. हे चित्रपट गिरणगावातला कामगार आवडीने बघायचा, आणि शिकलेला पांढरपेशा वर्ग त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मग 1951 साली 'अलबेला' आला. गीता बालीसोबत हा ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस हात किंचित वर करून, पाय न उचलता असा काही नाचला की अख्खा देश तसा नाचू लागला. संगीत सी. रामचंद्रांचं. पैसा आला, मोटारी आल्या, बंगला आला. आणि पुढचे चित्रपट पडले तसं ते सगळं गेलंही. नंतर कितीतरी वर्षं भगवानदादा दुसऱ्यांच्या चित्रपटांत अर्ध्या मिनिटासाठी येत, तीच एक लकब करून दाखवत आणि जात. कधी हवालदार, कधी वरातीतला पाहुणा. श्रेयनामावलीत नाव असलं तर असे.

त्यांचा मुक्काम अखेरपर्यंत दादरच्या चाळीत होता. 2002 साली ते तिथेच गेले. गणपतीच्या मिरवणुका त्या चाळीसमोर आल्या की थांबायच्या, बँडवाले 'अलबेला'चं गाणं धरायचे आणि म्हातारे भगवानदादा तब्येत बरी असली तर खाली उतरून दोन पावलं टाकायचे, असं सांगितलं जातं. मिरवणुकीतली पोरं तर गेली कित्येक वर्षं त्यांच्यासारखीच नाचत होती. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं, की ते ज्याची नक्कल करताहेत तो माणूस हाच.