मोटार नसलेल्या गावात सात दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परदेश प्रवासातील गमती सांगण्याची आज्ञा केली आहे. गमती तर सांगतेच. पण शेवटी मी आपल्याकडे एक मागणे मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे गोड बोलून फसवले असे मागाहून कोणी म्हणायला नको.

माझी मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहरात राहतात. तिकडे फेब्रुवारीच्या सुमारास शाळांना खेळांसाठी म्हणून सुट्टी देतात आणि घरेच्या घरे डोंगरावर बर्फात खेळायला जातात. मुलगी म्हणाली, "आई, आम्ही बेटमरआल्पला स्कीइंगला चाललो, तूही चल." मी म्हटले, "अगं बाई, मी वर्ध्याची! मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गच्चीवर कुरड्या नि सरगुंडे वाळवणारी. माझे बर्फात काय काम?" पण नातीने हात धरला आणि माझे काही चालले नाही.

बाझेलहून आगगाडी निघाली ती बर्नवरून पुढे एका बोगद्यात शिरली. लोट्शबर्गचा हा नवा बोगदा २००७ साली खुला झाला व तो चौतीस किलोमीटरांहून अधिक लांब आहे. आपण वर्ध्याहून निघून सिंदी ओलांडावी तरी डोंगर डोक्यावरच, असा हिशेब! बोगदा संपला की ऱ्होन नदीचे खोरे लागते. तेथे लहान गाडीत बसून बेटन नावाच्या स्थानकावर उतरलो. लोकांनी आपल्या मोटारी तिथेच खाली उभ्या करून ठेवलेल्या होत्या. वर जायला तारेवरचा पाळणा. आठशे मीटर उंचीवरून निघून काही मिनिटांत तो साडेएकोणीसशे मीटरांवर नेऊन सोडतो. मी सारा वेळ डोळे मिटून विष्णुसहस्रनाम म्हणत होते, त्यामुळे वाटेत काय दिसते ते विचारू नका.

वर उतरले आणि पहिल्यांदा ध्यानात आली ती शांतता. भोंगा नाही, धूर नाही. रस्ता म्हणजे दाबून घट्ट केलेला बर्फ. सामान नेण्याची व बर्फ दाबण्याची यंत्रे तेवढी अधूनमधून जातात. बाकी सारे पायी, नाहीतर पायांना पट्ट्या बांधून. आयांनी तान्ही मुले लाकडी घसरगाडीत बसवून दोरीने ओढत चालवली होती. आमचे सामानही तसेच ओढत नेले. घरे लाकडी, छपरांवर हातभर बर्फ, आणि गावाच्या टोकाला एका टेकाडावर सतराव्या शतकातले पांढरेशुभ्र चिमुकले देऊळ. मेरीमातेचे आहे ते. तिला तिथे हिमाची मेरी म्हणतात. आपल्याकडे जशी देवी डोंगरावर, तशीच तिकडेही.

आता घरातली गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत बसले होते. नात कोट-टोपी घालून निघाली. विचारले, "कुठे गं?" तर म्हणाली, "आजी, पाव आणायला." एकटी! सहा वर्षांची पोर, परके गाव, पुरते उजाडलेलेही नाही. मी तशीच पायमोजांवर दाराबाहेर धावले. मुलीने मला आत ओढले व म्हणाली, "जाऊ दे तिला. इथे तिला काय होणार आहे?" माझा पारा चढला. म्हटले, "तू आई आहेस की कोण?" तीही तडकली. म्हणाली, "मला तू कधी जाऊ दिलेस?" एवढे बोलून ती आत निघून गेली.

मैत्रिणींनो, तिच्या त्या प्रश्नामागे तीस वर्षांची गोष्ट आहे. ती नऊ वर्षांची असताना आम्ही तिला सायकल घेऊन दिली होती. एके संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर एक ट्रक अंगावर आला, ती चुकवायला गेली आणि गटारात पडली. हात मोडला. प्लॅस्टर निघाले, हात बरा झाला. पण माझ्या मनातली धडकी गेली नाही. मी ती सायकल तिला न विचारता देऊन टाकली. त्यानंतर शाळेत पोचवायला मी, आणायला मी. कॉलेजात जाईपर्यंत ती एकटी रस्ता ओलांडत नव्हती. हे सर्व मी मायेपोटीच केले. पण तिच्या मनात ती सायकल अजून तशीच उभी आहे, हे मला इतक्या दूर जाऊन कळले.

दहा मिनिटांत नात पाव घेऊन परत आली. उरलेले पैसे तिने मोजून टेबलावर ठेवले. त्या वेळचा तिचा चेहरा मी अजून विसरले नाही.

त्याच दिवशी तिची स्कीइंगची शिकवणी होती. मीही बघायला जाऊन बसले. आपल्यापैकी पुष्कळजणींनी हा खेळ सिनेमातच पाहिला असेल. पायांत जड, टणक बूट घालायचे आणि ते लांब अरुंद पट्ट्यांवर चापाने अडकवायचे. हा चाप मोठा शहाणा आहे. माणूस जोराने पडले की तो आपोआप सुटतो, म्हणजे पाय पिरगळून मोडण्याची भीती कमी होते. डोक्याला शिरस्त्राण. उतारांनाही रंग दिलेले असतात : सोपा तो निळा, मध्यम तो लाल, कठीण तो काळा. लहान मुलांचा उतार तर आपल्या अंगणाएवढाच. वर जायला सरकता पट्टा असतो, त्यावर मुले रांगेने उभी राहतात.

मला वाटले होते, बाई आधी चालायला शिकवतील. त्यांनी आधी पडायला शिकवले! कुशीवर पडायचे, हात मागे टेकायचे नाहीत, मग पट्ट्या उताराला आडव्या करायच्या आणि उठायचे. सगळी मुले पुन:पुन्हा पडत होती, उठत होती, कोणी रडत नव्हते. त्यानंतर थांबायला शिकवले. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची, की वेग मोडतो. पडणे, उठणे, थांबणे, आणि सर्वांत शेवटी धावणे असा त्या शाळेचा क्रम. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. सकाळचा राग तिच्यातही उरला नव्हता. म्हणाली, "आई, मी पस्तिसाव्या वर्षी हे शिकले. पहिले दोन दिवस नुसती पडत होते आणि प्रत्येक वेळी वाटे, आता ट्रक येईल." आम्ही दोघी हसलो, आणि मग दोघींच्याही डोळ्यांना पाणी आले.

हा खेळ परक्यांचाच आहे असे मात्र समजू नका. आपल्या देशातही गुलमर्ग व औली येथे स्कीइंग चालते. १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या शैलजा कुमार या त्या स्पर्धांतील पहिल्या भारतीय महिला, आणि त्यांचा खेळ हाच. मनालीजवळच्या आंचल ठाकूर हिने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधले भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक.

चौथ्या दिवशी आकाश निरभ्र होते म्हणून आम्ही दुसऱ्या पाळण्यात बसून बेटमरहॉर्नच्या बाजूला वर गेलो. तेथून आलेच हिमनदी दिसते. आल्प्स पर्वतातली ही सर्वांत मोठी हिमनदी, सुमारे वीस किलोमीटर लांब. २००१ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वरच्या अंगाला बर्फाचे मोठे प्रवाह एकत्र मिळतात, तिथे बर्फाची जाडी आठशे मीटरांच्या घरात आहे. प्रवाह मिळताना कडांवरचे दगडगोटे मध्ये ओढले जातात व त्यांचे लांबच लांब काळे पट्टे पडतात. मला तर कापसाच्या पांढऱ्या ढिगातून बैलगाडीच्या चाकोऱ्या गेल्यासारखे वाटले. शेवटी माणूस आपल्या गावच्याच डोळ्यांनी पाहतो.

या हिमनदीची एक कथा आहे. खाली फीश नावाचे गाव आहे. पूर्वी हिमनदी वाढे, तिच्या काठचे तळे फुटे आणि पुरात शेते-घरे वाहून जात. म्हणून १६७८ साली गावकऱ्यांनी नवस केला की आम्ही सदाचाराने वागू, देवा, ही हिमनदी वाढू देऊ नकोस. पिढ्यानपिढ्या तो नवस पाळला गेला. पण आता हिमनदी आटू लागली. सुमारे दीडशे वर्षांत ती तीन किलोमीटरांहून अधिक मागे हटली आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत त्या देशातील हिमनद्यांचे मिळून दहा टक्के बर्फ वितळले. तेव्हा गावकऱ्यांनी २००९ साली पोपकडे विनंती केली की आमचा नवस बदलू द्या. ही हिमनदी वितळू नये अशी प्रार्थना आम्हाला करायची आहे. ती परवानगी पुढे मिळाली. तीनशे वर्षांहून जुना नवस उलटा फिरवावा लागला! हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आणि खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटली, कारण मी विमानात बसून तिथे गेले होते, आणि धूर काही एकट्या मोटारीचाच नसतो.

आपण म्हणाल, हे सगळे श्रीमंतांच्या देशातले. खर्च आहेच, मी नाकारीत नाही. पण मोटारीवाचून गाव चालते, हे पाहायला एवढे दूर जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रात माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तेथे गेले व ते ठिकाण प्रसिद्धीस आले. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. आजही प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. लग्नानंतर आम्ही तेथे गेलो होतो, त्या तांबड्या मातीत मनसोक्त चाललो होतो. मात्र एक गोष्ट तेव्हाही खटकली होती : माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत होता. त्या हातरिक्षा बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला. ते योग्यच झाले. मोटार नको म्हणताना तिचे ओझे दुसऱ्या गरिबाच्या खांद्यावर जाता कामा नये, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आणि पायी चालण्याचे आपल्या जिल्ह्याला काय नवल सांगावे? १९५१ साली विनोबा येथूनच हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले, आणि त्याच यात्रेत भूदानाचा आरंभ झाला. त्या जिल्ह्यात आज आपल्या नाती घरासमोरच्या गल्लीत लंगडी खेळू शकत नाहीत. दारात उभे राहून आपण दिवसभर एकच ओरडतो, "अगं, बाजूला हो, गाडी आली!" मुलीला भित्री करतो आणि वर म्हणतो, आजकालच्या मुली घराबाहेर पडत नाहीत.

आता माझे मागणे. आपल्या मंडळासमोरची गल्ली दर रविवारी सकाळी सात ते नऊ मोटारी व फटफट्यांना बंद ठेवावी. फक्त दोन तास. दोन्ही टोकांना बांबू आडवा लावू आणि प्रत्येक टोकाला आपल्यातल्या दोघी उभ्या राहू. रुग्णाची गाडी, आजारी नि म्हातारी माणसे यांना केव्हाही वाट. दूधवाला सायकलने येतोच. नगर परिषदेची आणि वाहतूक पोलिसांची रीतसर परवानगी काढण्याचे काम मी करीन. गल्लीतले दोन दुकानदार नाराज आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे मी एकदा जाऊन आले, पुन्हा जाईन. आपल्या घरच्या मुलांच्या फटफट्यांचे काय, असेही काहीजणींनी मला विचारले. त्यांना मी म्हणते, दोन तास ती हातात धरून चालवत न्यावी. हात झिजत नाहीत.

त्या दोन तासांत मुली सायकल शिकतील. आधी पडायला शिकतील, मग थांबायला, मग चालवायला. ज्या मोठ्या बायकांना शिकायचे असेल त्यांनीही यावे. माझी मुलगी पस्तिसाव्या वर्षी शिकली, तर पन्नाशीत काय बिघडले? या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जी शिल्लक राहील तिच्यातून दोन जुन्या सायकली घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. तिसरी सायकल मी देते. तीस वर्षांपूर्वी एक न विचारता देऊन टाकली होती, तिची ही भरपाई समजा. येत्या दिवाळीत मुलगी वर्ध्याला येणार आहे. ही गल्ली तिला दाखवावी, एवढी माझी इच्छा आहे.

ज्यांना हे पटले असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. ज्यांना पटले नसेल त्यांनी माझ्या घरी चहाला यावे व भांडावे. मी सरगुंड्यांची खीर करून ठेवीन.