आधी तारीख बघा



पत्रिकेत विषय छापलाय, 'कवीचं खासगी आयुष्य आणि त्याची प्रेमकविता'. आजची गर्दी यातल्या कुठल्या शब्दासाठी आहे ते मला समजतं. (हशा) तेव्हा आधीच सांगतो, कुणाची कुलंगडी काढणार नाही. माधव ज्यूलियन, फर्ग्युसन कॉलेज, सुटलेली नोकरी, १९२६ चं 'विरहतरंग', हे तुम्हाला पाठ आहे. पुढे जातो.

बोलायचंय ते कवी अनिलांबद्दल. आत्माराम रावजी देशपांडे. मुक्तछंद, 'भग्नमूर्ती' वगैरे तुम्ही जाणताच. पत्नी कुसुमावती. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल, १९६१ साली ग्वाल्हेरच्या अध्यक्ष कुसुमावती, तो मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. एका घरात दोन संमेलनाध्यक्ष! भाजीत मीठ जास्त झालं तर समारोप कोणी करायचा? (हशा) त्याच १९६१ च्या नोव्हेंबरात कुसुमावती गेल्या.

आता एक गंमत सांगतो, दोन मिनिटांत. मध्यंतरी भावगीतांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. कुमार गंधर्वांनी गायलेलं 'अजुनी रुसून आहे' व्हायचं होतं. निवेदिकाबाईंनी आवाज खाली आणला. म्हणाल्या, कवी घरी आले, पत्नी पलंगावर पडलेली, त्यांना वाटलं रुसलीय. हाका मारल्या, समजूत घातली, आणि मग कळलं. तिथंच हे शब्द सुचले! सभागृहभर पदर डोळ्यांना. शेजारच्या काकूंनी मलाही रुमाल देऊ केला. मी हळूच म्हटलं, काकू, ही कविता कुसुमावतींच्या हयातीतली आहे, त्या गेल्या त्याच्या कितीतरी आधीची. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंना मीच परत जिवंत करून सगळ्यांचा विरस केला! (हशा) मध्यंतरात त्यांचे यजमान मोबाइल घेऊन आले. तोच किस्सा, खाली ओळ, 'डोळे पाणावले तरच पुढे पाठवा'. मी तारखांचं सांगत बसलो, ते स्क्रीन सरकवत राहिले, माझा वडा गार झाला.

हसता आहात, पण तुमच्यातही तो मजकूर पुढे पाठवलेले असतील. हात वर करू नका.

माझी तक्रार नुसत्या तारखेची नाही. त्या किश्श्यानं कविता सोपी होते. माणूस गेलं की रडायचं, हे कुणालाही कळतं. जिवंत माणसाचा रुसवा अवघड. ते समोर बसलेलं असतं, काय चुकलं ते सांगत नाही, आणि तुम्हाला त्याच घरात राहायचं असतं. ती तगमग आपण मरणावर ढकलून मोकळे झालो.

मागच्या रांगेतले गृहस्थ मान हलवतायत. 'मग आयुष्याचा संबंधच नाही का?' आहे हो! पण घडलेल्या प्रसंगापेक्षा अंगवळणी पडलेल्या सवयीचा अधिक. या दोघांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' नावानं १९७२ मध्ये छापून आला. लग्न १९२९ चं. तोवर हा माणूस काय करत होता? उत्तर देणाऱ्या एका व्यक्तीला लिहीत होता. आणि ती व्यक्ती कोण? लंडनला जाऊन इंग्रजी साहित्य शिकलेली, नागपुरात ते शिकवणारी, पुढे 'पासंग'सारखं समीक्षेचं पुस्तक लिहिणारी. अशा बाईला 'तुझ्याविना चंद्र फिका' लिहून पाठवा बघू! पत्र दुरुस्त होऊन परत येईल. (हशा) म्हणून अनिलांची प्रेमकविता व्यासपीठावरून बोलत नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलते, तेही समोरून उत्तर येईल या हिशेबानं. त्यांच्या मुक्तछंदाचं मूळसुद्धा मी छंदशास्त्राआधी त्या पत्रांत शोधीन. हेका म्हणा हवं तर. छंदशास्त्रवाले समोर बसलेत, त्यांनी नंतर भांडावं.

ही चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' मघाची दोन मिनिटं महाग पडली! 'दशपदी'चं सगळंच राहिलं. १९७६ चा संग्रह, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी. दहा-दहा ओळींच्या त्या कविता वाचताना एवढंच बघा, की कवी अजून कुणाशी तरी बोलतोय का, आणि उत्तरासाठी थांबतोय का. दोन कविता वाचून दाखवणार होतो. पुस्तक आणलंय, पण चष्मा... असू द्या, सतरंज्या गोळा करणारी मंडळी दारात उभी आहेत. ज्यांना कविता हव्यात त्यांनी खाली चहापाशी यावं.